आधी अंदाज, मग मोजणी : सांख्यिकी आणि संभाव्यता शिकवणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

संभाव्यता आणि सांख्यिकी हे दहावीच्या बीजगणिताच्या पुस्तकातले शेवटचे दोन धडे. शेवटी असल्यामुळे ते सराव परीक्षेच्या तोंडावर उरकले जातात. सूत्र फळ्यावर, दोन उदाहरणं सोडवून, बाकीचा गृहपाठ. प्रश्न ठरावीक साच्याचे असल्याने मार्क मिळूनही जातात. पण त्याच मुलाला विचारा, ‘पंधरवड्यात रोज सरासरी ५ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे नेमकं काय झालं?’ की तो सूत्र म्हणून दाखवतो आणि थांबतो.

बाकी गणितात एका प्रश्नाला एक उत्तर असतं. इथे तीच गोष्ट दहा वेळा मोजली तर दहा आकडे हातात येतात. त्या चढउताराचं काय करायचं, हाच हा विषय आहे. म्हणून मुलांना आधी चढउतार दिसला पाहिजे, सूत्र नंतर. खालचा क्रम याच हिशेबाने लावला आहे आणि तो पुस्तकातल्या क्रमाशी जुळत नाही. सहावी ते आठवीसाठी गटांच्या सारणीची पायरी आणि संभाव्यतेची सूत्रं वगळा; नववी-दहावीला सगळं घ्या, निम्मं आधी झालं असेल तरीही.

तयारी

खर्च जवळपास नाही. मूठभर चिंचोके, एक आणि दोन रुपयांची नाणी, चार-पाच फासे, एक गोणपाट, सोयाबीनचे १०० दाणे, मोजपट्टी, खडू आणि जुनी वर्तमानपत्रं. प्रत्येक मुलाच्या वहीत मागची चार पानं ‘अंदाज’ या नावाने राखून ठेवा. नियम एकच: काहीही मोजण्याआधी, फेकण्याआधी, आपला अंदाज पेनाने लिहायचा, खोडायचा नाही. अंदाज लिहिलेला असला की निकालाची उत्सुकता आपोआप येते. लिहिलेला नसला की प्रत्येक जण नंतर म्हणतो, ‘मला माहीतच होतं.’

पायरी १ : आकडे मुलांनी आणायचे

पुस्तकातल्या कारखान्यातल्या कामगारांचे पगार घेऊन सुरुवात करू नका. मुलांनी स्वतः मोजलेली सामग्री घ्या. घरून शाळेत यायला लागणारी मिनिटं, शाळेच्या ओट्यावर लावलेल्या बाटलीच्या पर्जन्यमापकातला रोजचा पाऊस, बाजाराच्या दिवशी पाच दुकानांत विचारलेला मिरचीचा भाव, केळीच्या बागेत मजुराला विचारून घेतलेली घडांची वजनं. रावेर-यावलकडच्या मुलांना घड, फणी, क्विंटलचा भाव हे तुमच्यापेक्षा जास्त कळतं, त्याचा फायदा घ्या. नंदुरबारच्या मुलाला मिरचीचा बाजार सांगावा लागत नाही.

काय विचारू नये तेही ठरवून घ्या. घरची जमीन किती, वडिलांची कमाई किती, हे वर्गात उघड विचारायचं नाही. बागायतदाराचा मुलगा आणि त्याच्याच शेतात मजुरीला जाणाऱ्या बाईची मुलगी एकाच बाकावर बसलेली असतात. मुलामुलींची वजनंही सर्वांसमोर घेऊ नका, उंची चालते.

भाषेचं एक. धुळे-जळगावकडे मुलं गटात अहिराणीत बोलणार, सातपुड्यातल्या आश्रमशाळेत पावरी किंवा भिलीत. बोलू द्या. ‘वारंवारता’ हा शब्द प्रमाण मराठी बोलणाऱ्या मुलालाही परकाच आहे. आधी ‘कोणता आकडा कितींदा आला’ असं म्हणून ताळ्याच्या खुणा करून घ्या. सारणी पूर्ण झाली की त्या रकान्याच्या डोक्यावर ‘वारंवारता’ लिहा. परीक्षेपुरता शब्द तेवढ्याने पक्का होतो.

पायरी २ : सरासरी मोडून दाखवा

ही पायरी सावकाश घ्या. सरासरी काढायला मुलांना आधीपासूनच येते, ती कुठे फसवते हे मात्र कोणी दाखवलेलं नसतं.

समजा सात मुलांना शाळेत यायला ५, ८, १०, १०, १२, १५ आणि ८० मिनिटं लागतात. शेवटचा मुलगा दूरच्या पाड्यावरून एसटीने येतो. बेरीज १४०, सरासरी २० मिनिटं. आता वर्गाला विचारा, सरासरीपेक्षा कमी वेळ कितींना लागतो? सातपैकी सहांना. एसटीवाल्याला बाजूला काढा: बेरीज ६०, सहा मुलं, सरासरी १०. एका मुलाने सरासरी दुप्पट केली होती. मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, मात्र दोन्ही वेळा १० वरच राहिला. मध्यक म्हणजे काय हे इथे सांगा, त्याआधी नाही. आणि लगेच उलटा प्रश्न टाका: एसटीची फेरी वाढवून मागायची असेल तर अर्जात कोणता आकडा लिहाल? काही मुलं म्हणतील सरासरी, काही म्हणतील थेट ८०. वाद होऊ द्या.

दुसरं उदाहरण पावसाचं. पंधरा दिवसांच्या नोंदी अशा आहेत असं धरा, मिलिमीटरमध्ये: ०, ०, ०, १२, ०, ०, ४५, ३, ०, ०, ०, ०, ०, ०, १५. एकूण ७५, सरासरी रोज ५. पण ५ मिलिमीटर पाऊस एकाही दिवशी पडलेला नाही. मध्यक शून्य, बहुलकही (सर्वांत जास्त वेळा आलेला आकडा) शून्य. आता विचारा, नुकत्याच डोबलेल्या कपाशीला यातला कोणता आकडा महत्त्वाचा? शेतकऱ्याघरचं पोरगं बरोबर बोलतं: मधला सहा दिवसांचा खंड. तो आकडा सरासरीत नाही, मध्यकात नाही, बहुलकातही नाही. तो शोधायला नोंदी क्रमाने बघाव्या लागतात. तिन्ही परिमाणं काढली की काम संपलं, हा समज इथेच मोडतो.

चढउताराची पहिली मोजणी म्हणून विस्तार द्या, म्हणजे मोठ्यातून लहान वजा. दोन फलंदाजांच्या पाच डावांतल्या धावा फळ्यावर लिहा. एकाच्या २९, ३०, ३०, ३०, ३१. दुसऱ्याच्या ०, ७५, ५, ६०, १०. दोघांची सरासरी ३०. विस्तार एकाचा २, दुसऱ्याचा ७५. शेवटच्या षटकांत कोणाला पाठवाल यावर वर्ग अर्धा तास भांडू शकतो. पुरे म्हणायचं काम तुमचं. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, अकरावीत येतं, पण त्याची गरज इथेच पटवून ठेवलेली बरी.

पायरी ३ : आलेख

स्तंभालेख, जोडस्तंभालेख मुलं सुबक काढतात, तिथे रेंगाळू नका. वृत्तालेखासाठी दिवसाचे २४ तास घ्या: ३६० अंशांत प्रत्येक तासाला १५ अंश, हिशेब स्वच्छ जमतो. वेळ द्यायचाच तर आलेख वाचायला द्या. कापसाचा भाव ७००० वरून ७१०० झाला असं धरून दोन स्तंभ काढा. एकदा उभा अक्ष शून्यापासून, एकदा ६९०० पासून. दुसऱ्या चित्रात भाव दुप्पट झाल्यासारखा दिसतो. मग जुनी वर्तमानपत्रं वाटा आणि असा आलेख शोधायला लावा. निवडणुकीच्या हंगामात तर फार शोधावं लागत नाही.

पायरी ४ : गटांची सारणी अंगणात

हे नववी-दहावीसाठी. मुलांची उंची मोजा, अंगणात खडूने १४०–१४५, १४५–१५०, १५०–१५५, १५५–१६० असे पट्टे आखा आणि मुलांना आपापल्या पट्ट्यात एकामागे एक उभं करा. उभ्या रांगा म्हणजेच आयतालेख. नेमकी १५० सेंटीमीटर उंचीची मुलगी कुठे उभी राहणार, हा प्रश्न तीच विचारते आणि असमावेशक पद्धत फळ्यावर न जाता समजते: वरची मर्यादा पुढच्या वर्गात.

मध्यकाचं सूत्र मुलांना पाठ असतं आणि अर्थ शून्य. ते असं उलगडा. चार पट्ट्यांत ६, १०, १६ आणि ८ मुलं, एकूण ४०. मधला माणूस विसावा. पहिल्या दोन पट्ट्यांत १६ संपले, तिसऱ्यातून आणखी ४ हवेत. त्या पट्ट्यात १६ जण आहेत, म्हणजे पाव भाग आत शिरायचं. पट्टा ५ सेंटीमीटरचा, त्याचा पाव १.२५. मध्यक १५१.२५. हे तोंडी झालं की मगच सूत्र लिहा आणि कोणतं अक्षर म्हणजे अंगणातली कोणती गोष्ट ते मुलांकडून वदवून घ्या.

याच मुलांच्या मूळ उंचींवरून खरी सरासरी काढा आणि वर्गमध्य (प्रत्येक पट्ट्याचा मधला आकडा) धरून सारणीवरूनही काढा. दोन्ही उत्तरं थोडी वेगळी येतील. गट पाडले की थोडी माहिती हरवते, त्याची किंमत किती ते मुलांना स्वतःच्या वहीत दिसतं. गृहीतमध्य आणि मध्यप्रमाण विचलन या पद्धती आकडेमोड सोपी करण्यासाठी आहेत, उत्तर तेच येतं, एवढं सांगून पुढे चला.

पायरी ५ : नमुना

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण सगळ्यांना येते. भात नीट ढवळलेला नसेल तर काय, हे विचारा. कापसाचा व्यापारी गाडीच्या वरच्या थरावर समाधान मानत नाही, हात खोल घालून आतला कापूस काढतो. वर चांगला माल रचलेला असू शकतो हे त्याला ठाऊक असतं. ‘यादृच्छिक नमुना’, म्हणजे ज्यात प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखीच संधी असते तो, शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आता गोणपाट. पेरणीआधी घरच्या सोयाबीनची उगवणक्षमता तपासण्याची पद्धत कृषी विभागाचे लोक सांगतातच: ओल्या गोणपाटावर १०० दाणे दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि आठवडाभराने कोंब मोजायचे. ७० किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरण्याजोगं. शाळा जूनच्या मध्याला सुरू होते, त्यामुळे हा प्रयोग पहिल्याच आठवड्यात बसतो आणि २९ जूनच्या सांख्यिकी दिनाला निकाल मांडता येतो. हा दिवस प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्मदिवस. १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था उभी करणारे ते हेच.

मोजताना १०० चा एक आकडा घेऊन थांबू नका. प्रत्येक ओळीतले कोंब वेगळे लिहा. एका ओळीत ९ तर शेजारच्या ओळीत ५, असं दिसेल. बियाणं तेच, पाणी तेच, गोणपाट तेच. फक्त दहा दाणे बघून निर्णय घेणाऱ्याचं काय झालं असतं, ते मुलांनाच सांगू द्या. शंभर दाणे का, दहा का नाहीत, याचं उत्तर त्या दहा ओळींत आहे.

पायरी ६ : संभाव्यता चिंचोक्यापासून

वर्गात सुरुवात बहुतेक नाण्यापासून होते. मी चिंचोक्यापासून सुरू करायला सांगेन. नाण्याचं उत्तर मुलांना आधीच माहीत असतं, ‘अर्धं’. फेकण्यात अर्थ उरत नाही. फोडलेल्या चिंचोक्याची एक बाजू पांढरी सपाट, दुसरी तपकिरी फुगीर. पांढरी किती वेळा वर येईल? कोणालाच माहीत नाही, तुम्हालाही नाही. अष्टचंग खेळलेली मुलं छातीठोक सांगतील, त्यांचाही अंदाज लिहून घ्या.

त्याआधी पाच मिनिटं दोरीचा खेळ घ्या. वर्गात आडवी दोरी बांधा, एका टोकाला ० म्हणजे अशक्य, दुसऱ्याला १ म्हणजे नक्की. चिठ्ठ्यांवर वाक्यं: ‘मे महिन्यात भुसावळात पारा चाळिशी ओलांडेल’, ‘उद्याची पहिली एसटी वेळेवर येईल’, ‘फाशावर ७ पडेल’. मुलांनी चिठ्ठी दोरीवर योग्य जागी लटकवायची आणि जागेचं कारण सांगायचं.

मग गट करा. प्रत्येक गटाने एकच चिंचोका २० वेळा टाकायचा. गटागटांचे आकडे वेगळे येतील, कारण चिंचोकेही वेगळे आणि नशीबही वेगळं. यातलं किती चिंचोक्यामुळे आणि किती नशिबामुळे, हे कसं ओळखायचं? तोच चिंचोका पुन्हा २० वेळा टाकून. आठवीतली मुलं हे स्वतः सुचवतात, फक्त घाई करून उत्तर सांगून टाकू नका.

आता नाणं घ्या आणि ‘अर्धं’ म्हणजे काय ते तपासा. २० फेकींत छापा ६ पासून १४ पर्यंत कितीही आला तरी नवल नाही, म्हणजे ३० ते ७० टक्के. सगळ्या वर्गाच्या मिळून ४०० फेकी जमवल्या तर तो बहुतेक वेळा ४५ ते ५५ टक्क्यांत सापडतो. प्रत्येक गटाचा निकाल जोडत जाऊन टक्केवारीची रेघ फळ्यावर काढा. सुरुवातीला उड्या, पुढे शांत.

इथे एक सापळा आहे. मुलांना वाटतं, नाणं पुढे भरपाई करतं: चार वेळा छापा आला, आता काटा येणारच. नाण्याला काही आठवत नाही. जुन्या उड्या नव्या फेकींच्या गर्दीत पातळ होतात, इतकंच. हा समज मोडायला अर्ध्या वर्गाला १०० खऱ्या फेकी करून लिहायला सांगा, उरलेल्यांना मनाने १०० खोट्या फेकी लिहायला. तुम्ही बाहेर थांबा. आत येऊन कागद बघा आणि सलग सहा किंवा जास्त छापे अथवा काटे असलेले कागद ‘खरे’ म्हणून बाजूला काढा. खऱ्या १०० फेकींत असं घडण्याची शक्यता सुमारे ८० टक्के आहे. खोटं लिहिणारा मात्र चौथ्या छाप्यानंतर घाबरून काटा लिहितो. बहुतेक कागद तुम्ही बरोबर ओळखाल आणि पुढचा आठवडा मुलं तुम्हाला जादूगार समजतील.

‘तीन मुली झाल्या, आता मुलगाच’ हे वाक्य मुलांनी घरात, ओट्यावर ऐकलेलं असतं. ते कोणाच्या घरावर न नेता वर्गात आणावं, असं माझं मत आहे. आधीच्या तीन जन्मांनी चौथ्याची शक्यता बदलत नाही. एवढंच गणित, पण ते मुलींसमोर आणि मुलांसमोर मोठ्याने मांडलं गेलं पाहिजे.

पायरी ७ : सूत्र, आणि त्याची अट

आता सूत्र: संभाव्यता म्हणजे घटनेतल्या (हव्या असलेल्या) निष्पत्ती भागिले नमुना अवकाशातल्या, म्हणजे सगळ्या शक्यतांच्या यादीतल्या, एकूण निष्पत्ती. सोबत अट ठळक अक्षरात: निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या, हव्यात. चिंचोक्याच्याही दोनच निष्पत्ती आहेत, पण अर्धं म्हणता येत नाही हे मुलांनी पाहिलंय. ‘परीक्षेत पास किंवा नापास, म्हणजे पन्नास टक्के’ हा विनोद कुठे चुकतो ते त्यांना आता सांगता येईल.

दोन नाण्यांचा नमुना अवकाश करताना मुलं हमखास तीन निष्पत्ती लिहितात: दोन छापे, दोन काटे, एक-एक. एक नाणं एक रुपयाचं, दुसरं दोन रुपयांचं द्या. चार निष्पत्ती लगेच वेगळ्या दिसतात आणि ‘एक-एक’ दोनदा येतं. दोन फाशांसाठी ३६ घरांचा तक्ता काढून घ्या. बेरीज ७ सहा घरांत आहे, बेरीज २ एकाच घरात.

मोजणीचा सराव द्यायचा असेल तर लांब जायला नको. चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीच्या परिसरात तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत हे उदाहरण आहे: विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म अदलाबदल करून किती प्रकारे देता येतील? उत्तर २४. मुलांकडून शाखांची आकृती काढून घ्या आणि वर विचारा, उजव्या वरच्या हातात चक्र असण्याची संभाव्यता किती. २४ पैकी ६, म्हणजे एक चतुर्थांश. याच ग्रंथात शंकराच्या दहा हातांतल्या दहा वस्तूंचं उत्तर ३६,२८,८०० आहे. तिथे आकृती काढत बसू नका, गुणाकार का लागतो तो दाखवा.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) कित्येक गावांत पत्त्यांचे डाव रंगतात आणि आकड्यांचा सट्टा मुलांना ऐकून माहीत असतो. उपदेश करण्यापेक्षा हिशेब करा. समजा दहा आकड्यांपैकी एकावर १० रुपये लावायचे आणि लागला तर ९० मिळायचे. लागण्याची संभाव्यता दहात एक. दीर्घकाळात दर दहा डावांत १०० रुपये जातात, ९० येतात. कधी कोणी जिंकतो, हे चढउतारामुळे. सट्टा घेणारा कायम जिंकतो, हे सरासरीमुळे. मुलं स्वतः गणित मांडतात तेव्हा ते घरीही बोलतात.

परीक्षेसाठी

साच्याचे प्रश्न सोडवून घ्यायलाच हवेत, त्यात लाज नाही. संभाव्यतेच्या उत्तरात नमुना अवकाश, त्यातली संख्या, घटना, तिच्यातली संख्या आणि मग भागाकार, अशा पाच ओळी सुट्या लिहायची सवय लावा. गुण पायऱ्यांना असतात. उत्तर १ पेक्षा मोठं आलं तर चूक आहे, हे तपासायला एक सेकंद पुरतो. सांख्यिकीत संचित (वरपासून बेरीज करत आणलेल्या) वारंवारतेची शेवटची संख्या एकूण वारंवारतेशी जुळते का, आणि आलेला मध्यक आपण निवडलेल्या मध्यकाच्या वर्गातच पडतो का, एवढं पाहिलं की निम्म्या चुका सापडतात. घटक चाचणीत मात्र एक प्रश्न स्वतःचा घाला: आकडे द्या, सरासरी काढून द्या आणि ‘यावरून काय सांगता येत नाही ते दोन वाक्यांत लिहा’ असं विचारा. पहिल्या चाचणीत पानं कोरी येतील. अंदाजाची वही वर्षभर चालवली तर दुसऱ्या सत्रात ओळी भरायला लागतात.